भाऊबीजेच्या निमित्ताने

निपाणीच्या मुलांना बेळगावचे अप्रूप नसते. लग्नाचा बस्ता, मोठा दवाखाना, परीक्षेचे केंद्र, यांसाठी आम्ही एक तर कोल्हापूर गाठतो नाहीतर बेळगाव, आणि काम झाले की संध्याकाळच्या बसने परत येतो. ज्या जिल्ह्यात आपण राहतो तो डोळे भरून पाहावा म्हणून आमच्या घरातले कोणी कधी बाहेर पडले नव्हते. यंदा मात्र योग जुळून आला. बाबांना भाऊबीजेला बेळगावातल्या शहापूरला आत्याकडे जायचेच होते, आजीचा सौंदत्तीच्या यल्लम्माचा नवस बरेच दिवस फेडायचा राहिला होता, आणि बी.ए.ला इतिहास घेतल्यापासून मी हलशीचे नाव घरात सारखे काढत होते. आईने या सगळ्याची एकच मोट बांधली आणि भाड्याची गाडी ठरवून टाकली.

निघण्याआधीच एक गोष्ट ठरल्यासारखी होती. मराठी शाळेत शिकले तरी कन्नड विषय असल्यामुळे मला फलक वाचता येतात, म्हणून वाचायचे काम माझ्याकडे आले. आजीला कोणतीच अक्षरे येत नाहीत, पण तिला अनोळखी माणसाशी बोलायला काही लागत नाही. पुढे प्रत्येक ठिकाणी मी फलकापाशी उभी राहत असे आणि आजी तोवर फुलवाल्या बाईशेजारी जाऊन बसलेली असे. तिला जे कळत असे ते माझ्या वहीत नसे, आणि माझ्या वहीतले तिला फारसे पटत नसे.

गुरुवार, भाऊबीज

निपाणी सोडल्यावर थोड्याच वेळात तवंदीचा घाट लागतो आणि घाटातच स्तवनिधीचे जैन क्षेत्र आहे. आम्ही जैन नव्हे, तरी या वाटेने जाताना ब्रह्मनाथाला नारळ दिल्याशिवाय आजी पुढे जाऊ देत नाही. बाबांनी तिला न विचारताच गाडी आत घ्यायला सांगितली. पार्श्वनाथांच्या मंदिरात सकाळी मोजकीच माणसे होती. दक्षिण भारत जैन सभेची स्थापना १८९९ मध्ये याच ठिकाणी झाली, ही माहिती मी घरी सांगितली तेव्हा बाबा म्हणाले की या भागात शिक्षणाची जी आस्था दिसते तिच्या मुळाशी अशा सभा आहेत. निपाणी, चिक्कोडी, अथणी या पट्ट्यातली जैन वसतिगृहे आठवली की त्यांचे म्हणणे खरे वाटते.

संकेश्वरला हिरण्यकेशी ओलांडली आणि बेळगाव जवळ आल्यावर काकती लागली. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे हे माहेर. हमरस्त्यावरून जाणाऱ्याला हे गाव म्हणजे केवळ एक थांबा वाटते, आम्हालाही आजवर तसेच वाटत आले होते.

शहापुरात आत्या दारातच उभी होती. "वाटेत काय खाल्लासा नाही न्हवं? मग बसा की आधी," असे म्हणत तिने पाट मांडले. ओवाळणी, जेवण, आजीची आणि आत्याची गाऱ्हाणी, यांत दुपार गेली. ऊन उतरल्यावर आम्ही किल्ल्यात गेलो.

बेळगावचा किल्ला डोंगरावर नाही, सपाट जमिनीवर आहे; रुंद खंदक आणि रुंद तट यांवर त्याची सारी भिस्त. दाराशी गणपती आणि दुर्गा यांची लहान मंदिरे आहेत आणि आतला बराचसा भाग आज लष्कराकडे आहे. येथे पाहण्यासारखी मुख्य वास्तू म्हणजे कमल बस्ती; बस्ती म्हणजे जैन मंदिर. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने १२०४ मध्ये ही जैन बस्ती बांधविली. बाहेरून पाहणाऱ्याला तिची कल्पना येत नाही. ती काळसर, बसकी आणि जरा उदासच दिसते. आत गेल्यावर मात्र सभामंडपाचे खांब पाहून मी थबकले. चरकावर धरून कातल्यासारखे ते गोल आहेत आणि त्यांवर इतकी झिलई आहे की समोरून माणूस गेला की त्याची सावली खांबातून सरकताना दिसते. गर्भगृहात नेमिनाथांची काळ्या पाषाणाची मूर्ती आहे.

वर छतात दगडाचे कमळ आहे आणि त्यावरूनच बस्तीला हे नाव पडले. पाकळ्यांचे थर एकाखाली एक उतरत येतात आणि मध्यभागी कळी लोंबती राहते. भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतले चोवीस चोवीस असे बहात्तर तीर्थंकर या पाकळ्यांत दाखविले आहेत. मान वर करून पाहताना ती दुखू लागते, म्हणून माझा धाकटा भाऊ सरळ फरशीवर उताणा झोपला. आई त्याला उठवणार तोच तेथील राखणदार म्हणाले, "राहू दे की, तसंच बघायचं असतंय ते." मग मीही झोपले. खालून पाहिले तर त्या कळीच्या टोकाला वजन असल्याचा भास होतो, आणि आठशे वर्षे हे ओझे वर कसे टिकून राहिले असेल याचा विचार करताना थोडी भीतीही वाटते. आजी बसून होती. तिने राखणदारांना एवढेच विचारले की पावसाळ्यात येथे पाणी गळते का. ते नाही म्हणाले तेव्हा ती समाधानाने म्हणाली, "मग चांगलं बांधलंय."

किल्ल्यातल्या सफा मशिदीत काही जुन्या कोरीव खांबांचा उपयोग केलेला आहे आणि त्यांवर कन्नड लेख आहेत, असे मी वाचले होते. वेळ टळल्यामुळे तिकडे जाणे झाले नाही.

रात्री भावाने सगळ्यांना गल्ल्यांतून फिरवले. दिवाळीत माती-दगडांचे किल्ले करण्याची रीत आमच्याकडेही आहे, पण बेळगावातल्या पोरांचा उत्साह काही औरच. आत्याच्या गल्लीतल्या मुलांनी राजगड केला होता. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तिन्ही माच्या निरनिराळ्या दिसत होत्या आणि एक मुलगा छडीने दाखवत येणाऱ्याजाणाऱ्याला माहिती सांगत होता. भावाने चोर दिंडी कुठे आहे असे विचारले, त्याने लगेच छडी टेकवून दाखवली. एखाद्या संग्रहालयातही इतक्या तत्परतेने उत्तर मिळत नाही.

शुक्रवार

सकाळी लवकर खानापूरच्या वाटेला लागलो. शहर मागे पडले की रताळ्याची आणि भाताची शेते सुरू होतात, आणि खानापूरपाशी मलप्रभा ओलांडली की हवाच बदलते. झाडी दाट होते, घरांवर लाल कौले दिसू लागतात, दुकानांच्या गप्पांत मराठी आणि मधूनच कोकणी कानावर येते. ही नदी याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते. भात पिकून पिवळे पडले होते, मात्र रात्री पडलेल्या अवेळी सरीने काही शेतांतले पीक आडवे झाले होते. गाडी थांबवून बाबांनी बांधावरच्या एका शेतकऱ्याकडे चौकशी केली. तंबाखू आणि ऊस यांत आयुष्य गेलेल्या बाबांना भाताचे फारसे कळत नाही, तरी आडवे पडलेले पीक पाहून कोणत्याही शेतकऱ्याच्या तोंडून जो शब्द निघतो तोच त्यांच्याही तोंडून निघाला.

नंदगडला संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे. कित्तूर पडल्यानंतरही हा शिपाई इंग्रजांशी लढत राहिला, पकडला गेला आणि २६ जानेवारी १८३१ रोजी त्याला येथे फाशी देण्यात आले. जवळ वडाचे झाड आहे. त्याला पाळणे बांधलेले पाहून मी चकित झाले. आजीने तेथल्या एका बाईंना विचारले आणि येऊन सांगितले की मूल व्हावे म्हणून बायका येथे नवस बोलतात. फाशी गेलेल्या वीराला लोकांनी पोरे देणारा देव करून टाकले आहे. माझ्या पुस्तकात रायण्णाची तारीख होती, गनिमी कावा होता, हे नव्हते.

हलशी हे आज एक साधे खेडे आहे. कौलारू घरे, दारात वाळत घातलेले धान्य, आणि घरांच्या मधोमध अचानक उभे राहिलेले दगडी शिखर. या खेड्याचे जुने नाव पलाशिका, आणि पाचव्या शतकात बनवासीच्या कदंबांची ही दुसरी राजधानी होती. या परिसरात सापडलेल्या कदंबांच्या ताम्रपटांत जैन मंदिरांना व मुनींना दिलेल्या दानांचे उल्लेख आहेत. मृगेशवर्मा या राजाने येथे जिनालय बांधविल्याचेही त्यांतूनच कळते. पुढे बाराव्या शतकात गोव्याच्या कदंबांनी पुन्हा या गावाला वैभव आणले, आणि आज जे भूवराह नरसिंह मंदिर उभे आहे ते त्या काळातले.

मंदिराची रचना मी पूर्वी कोठे पाहिली नव्हती. एकाच मंडपाच्या दोन टोकांना दोन गर्भगृहे आहेत आणि दोन्ही देव एकमेकांसमोर उभे राहिल्यासारखे आहेत. मधे उभे राहिले की एकीकडे पाठ झाल्याशिवाय दुसऱ्याचे दर्शन होत नाही. आजीने ही अडचण लगेच सोडवली. ती मधोमध आडवी उभी राहिली आणि एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हात जोडले. एका बाजूला विष्णूची मूर्ती आणि तिच्याजवळ नरसिंहाची लहान, फार जुनी मूर्ती आहे. लोक तिला स्वयंभू मानतात. समोर भूवराह आहे, जवळजवळ माणसाच्या उंचीचा, आणि दाताजवळ तोललेली भूदेवी. पृथ्वी उचलण्याचा प्रसंग मी चित्रांत कितीदा पाहिला होता, पण तेथे वराह नेहमी रागावलेला असतो. येथे त्याच्या मुद्रेवर राग नाही. एखादे अवघड काम नीट पार पडावे म्हणून माणूस जसा सावध दिसतो तसा तो दिसतो.

पुजाऱ्यांच्या घरातल्या एक आजी पायरीवर वाती वळत बसल्या होत्या. आमच्या आजीने त्यांच्याजवळ बैठक मारली आणि दोघींचे भाताच्या भावापासून सुनांच्या स्वभावापर्यंत बोलणे झाले. तेवढ्या वेळात मी आवारातली छोटी देवळे आणि बाहेरचे सुवर्णेश्वर पाहून आले. सुवर्णेश्वर बरेच मोडले आहे. त्याचे छत नाही, चौथऱ्यावर गवत वाढले होते, आणि मला ते आवडले हे सांगायला संकोच वाटतो. दुरुस्त केलेल्या मंदिरात सिमेंट कोठे आहे हे डोळा आपोआप शोधू लागतो. पडक्या मंदिरात ती धास्ती नसते.

परतताना खानापुरात थांबलो. येथील माती कौलांसाठी आणि भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि ग्रामोद्योगाची कुंभारकाम शिकविणारी केंद्रीय संस्थाही येथेच आहे. आईने एक मोठा माठ घेतला. गाडीत तो कोठे ठेवायचा यावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी तो माझ्या मांडीवर आला.

शनिवार

हा दिवस बेळगावातच घालवायचा ठरला, कारण आत्याने मांडे करणाऱ्या बाईंना सांगून ठेवले होते. बेळगावचे मांडे लग्नकार्यात आणि सणावारी खाल्ले जातात. "मनातले मांडे" सगळेच खातात, पण ताटातले करताना पाहणे हा निराळाच अनुभव आहे. त्या बाई पत्र्याच्या शेडमध्ये चुलीसमोर बसल्या होत्या. चुलीवर पालथी घातलेली मोठी काळी खापर, शेजारी मऊसूत कणकेचे गोळे आणि पिठीसाखर, तीळ, खसखस, वेलची यांचे सारण. पुरण भरल्यासारखे सारण भरून त्यांनी गोळा थोडा लाटला, उचलला आणि दोन्ही हातांवर घेतला. मग हात असे काही फिरू लागले की पोळी एका मनगटावरून दुसऱ्यावर जाताना दर फेरीला वाढत गेली, कोपरापर्यंत आली आणि इतकी पातळ झाली की त्यांच्या हातातल्या हिरव्या बांगड्या तिच्यातून दिसू लागल्या. ती फाटणार असे मला दर क्षणी वाटत होते. खापरीवर पडताच तिला फोड आले, साखर विरघळली, आणि कडक होण्याआधी त्यांनी झपाट्याने चारी बाजूंनी घडी घातली. घडी घालायला उशीर झाला तर मांडा तुटतो आणि लवकर घातली तर चिकटतो, असे त्यांनी हात न थांबवता सांगितले. किती वर्षे करता असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "सासूबाईंनी हात धरून शिकविलं, तेव्हापासून." त्यांच्या मुलीला हे येत नाही, ती एका कार्यालयात नोकरीला आहे. याचे त्यांना वाईट वाटत नव्हते. वाईट आत्यालाच वाटत होते, आणि आत्यालाही मांडे येत नाहीत.

दुपारी टिळकवाडीत वीरसौध पाहिले. १९२४ च्या डिसेंबरात येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि महात्मा गांधी ज्याचे अध्यक्ष होते असे हे एकमेव अधिवेशन. तेव्हा जमलेल्या माणसांना पाणी मिळावे म्हणून खोदलेली विहीर अजून आहे. गावातले लोक तिला काँग्रेस विहीर म्हणतात. ते सारे घडवून आणण्यात गंगाधरराव देशपांडे यांचा मोठा वाटा होता. भावाला भाषणांपेक्षा विहिरीत जास्त रस. मला सर्वांत लक्षात राहिले ते हे की पुढे किराणा घराण्याच्या थोर गायिका झालेल्या गंगूबाई हनगल त्या अधिवेशनात लहान मुलगी म्हणून गांधीजींच्या समोर गायल्या होत्या. नेते, ठराव, पक्ष हे सर्व आपल्याला शिकविले जाते. एवढ्या मंडपात ध्वनिवर्धकाशिवाय त्या मुलीचा आवाज कोठवर पोहोचला असेल याचे उत्तर कोणत्याही फलकावर नाही.

रिसालदार गल्लीतले ते घरही पाहिले, जेथे ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद काही दिवस वकील भाटे यांच्याकडे उतरले होते. शिकागोच्या आदल्या वर्षी. आता रामकृष्ण मिशनने ते स्मारक म्हणून जपले आहे. तेथून बाजार चालत गाठता येतो. दिवाळीची गर्दी ओसरली नव्हती, रस्त्यावर मराठी, कन्नड, उर्दू अशा तिन्ही भाषांत घासाघीस चालू होती आणि दुकानदार गिऱ्हाइकाच्या पहिल्या शब्दावरून आपली भाषा बदलत होते. सीमाप्रश्न आमच्या घरातही बोलला जातो. १९५६ च्या पुनर्रचनेनंतर आजोबा सत्याग्रहाला गेले होते आणि २००४ पासून खटला सर्वोच्च न्यायालयात आहे हे भावालासुद्धा ठाऊक आहे. साडीच्या दुकानात मात्र आत्याने कन्नडमध्ये सुरुवात केली, दुकानदाराने मराठीत भाव सांगितला आणि आत्याने पुन्हा कन्नडमध्ये तो निम्म्यावर आणला.

कुंदा घेतल्याशिवाय बेळगाव सोडता येत नाही. दूध आटवून, साखरेला तांबूस रंग येईपर्यंत परतून केलेला तो रवाळ गोड पदार्थ मला पेढ्याहून बरा वाटतो, कारण त्याला किंचित करपल्याचा वास असतो. हे मत घरात कोणालाच मान्य नाही.

रविवार

पुण्याच्या उलट दिशेने हमरस्त्याने धारवाडकडे निघालो. सुवर्ण विधानसौध डाव्या हाताला मागे पडले आणि कित्तूरला पोहोचेपर्यंत ऊन चढले होते. कित्तूर उत्सव नुकताच पार पडला होता. मंडपाचे बांबू उतरवण्याचे काम चालू होते आणि किल्ल्याच्या आवारात सुट्टीच्या सहलींची गर्दी होती.

कित्तूरची हकीगत थोडक्यात अशी. १८२४ च्या सप्टेंबरात संस्थानिक शिवलिंगरुद्र देसाई वारले. त्यांचे दत्तकविधान धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने मानले नाही आणि खजिन्यावर पहारे बसविले. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी किल्ल्याचे दार उघडून कित्तूरकरांनी हल्ला चढविला, त्यात थॅकरे मारला गेला. डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन परत आले तेव्हा किल्ला पडला आणि राणी चन्नम्मांना बैलहोंगलला कैदेत ठेवण्यात आले. तेथेच १८२९ मध्ये त्यांचे निधन झाले. झाशीचा लढा याच्यानंतर तेहतीस वर्षांनी झाला. महाराष्ट्रातल्या माझ्या मावसबहिणींना झाशी तोंडपाठ आहे आणि कित्तूर फक्त ऐकून माहीत आहे. ज्या वाटेने त्या हुबळीला जातात तिच्यापासून हा किल्ला हाकेच्या अंतरावर आहे.

वाड्याच्या भिंती छातीइतक्या आणि काही ठिकाणी डोक्याइतक्या उरल्या आहेत. स्वयंपाकघर, न्हाणीघर, पाणी वाहून नेणाऱ्या नळांच्या खुणा हे सर्व अजून ओळखू येते. लढाईच्या जागी मन भारावते असे म्हणतात; मला न्हाणीघरातल्या दगडी हौदापाशी जास्त थांबावेसे वाटले, कारण तेथे कोणीतरी रोज सकाळी पाणी तापवत असणार. आजीही तेथेच रेंगाळली. "एवढ्या मोठ्या वाड्यात पाणी भरायला किती बायका लागत असतील," ती म्हणाली. बाजूला शाळेची मुले राणीच्या पुतळ्याबरोबर छायाचित्रे काढीत होती आणि त्यांचे शिक्षक कन्नडमध्ये घसा फोडून तारखा सांगत होते.

तेथून थोडे आत देगाव आहे आणि तेथे कमलनारायण मंदिर. कित्तूरच्या गर्दीतल्या एकानेही गाडी इकडे वळविलेली दिसली नाही. बाराव्या शतकात गोव्याच्या कदंब राजा शिवचित्त परमाडीची राणी कमलादेवी हिने ते बांधविले, आणि मुख्य शिल्पकाराचे नाव तिप्पोज होते हेही माहीत आहे. इतक्या जुन्या काळच्या कारागिराचे नाव सापडावे याचा मला विलक्षण आनंद झाला. एका ओळीत तीन गर्भगृहे, पुढे लांबरुंद खुला मंडप, आणि छतांवर वेगवेगळी कोरीव फुले. मधल्या गाभाऱ्यात नारायणाच्या मांडीवर लक्ष्मी बसली आहे. तासभर आम्ही तेथे होतो आणि तेवढ्या वेळात एक गुराखी मुलगा आणि त्याच्या दोन म्हशी सोडून कोणी आले नाही. माझ्या मते या सबंध प्रवासातले सर्वांत देखणे ठिकाण हेच. आईचे मत निराळे: तिला हलशी आवडले, कारण तेथे अजून दिवा लागतो, माणसे राबतात, प्रसाद मिळतो.

बैलहोंगलला राणीच्या समाधीपाशी आजीने ओंजळभर फुले वाहिली आणि दिवस मावळताना आम्ही सौंदत्तीच्या डोंगरावर पोहोचलो.

सोमवार

पहाटे गार वारा होता. यल्लम्माचा डोंगर उजाड, दगडगोट्यांचा आहे. त्यावर एवढे गजबजलेले गाव वसले आहे ते केवळ देवीमुळे. आधी जोगुळबावीला स्नान आणि मग दर्शन, असा क्रम आजीने आई-आत्याकडून ऐकलेला आणि तोच तिने आमच्याकडून पाळून घेतला. मंदिर रायबागच्या बोम्मप्पा नायकांनी १५१४ मध्ये बांधले असे सांगतात, जागा मात्र त्याहून खूप जुनी आहे. रांगेत कोल्हापूर, सांगली, मिरज, जत इथली माणसे जितकी होती तितकीच हुबळी-गदगची. "उदं गं आई उदं" म्हणत सगळे पुढे सरकत होते, भंडारा उडत होता आणि कपाळ कोणाचे, हात कोणाचे हे कळेनासे झाले होते. मार्गशीर्ष पौर्णिमेला येथे पाय ठेवायला जागा नसते. त्या मानाने ही गर्दी काहीच नव्हती.

खण, नारळ, साडी, परडी भरणे असे सगळे यथासांग झाले. देवळाबाहेर चौंडके घेऊन एक वयस्क जोगतीण बसली होती. देवीला मुली सोडण्याच्या प्रथेविषयी मी वाचले होते आणि १९८२ मध्ये कर्नाटकाने कायद्याने तिला बंदी घातली हेही माहीत होते, त्यामुळे तिच्याकडे पाहताना मला बोलवत नव्हते. आजी जाऊन तिच्यासमोर बसली. दोघी बराच वेळ बोलल्या. गाडीत बसल्यावर आजीने एवढेच सांगितले की त्या बाईचे गाव आजीच्या माहेरच्या वाटेवरचे आहे, तिला सातव्या वर्षी सोडले होते आणि तिने आपल्या भावाच्या एकाही मुलीला सोडू दिले नाही. नवस फेडून परतणाऱ्या आजीला मी त्यावर काही प्रश्न विचारणार होते. आजीच म्हणाली, "देवीनं नाही मागितलं ते. माणसांनी दिलं." मी वहीत ते लिहून घेतले.

उतरताना नविलुतीर्थाच्या धरणाचे पाणी लांबवर चमकत होते. खानापुरात जिच्यावरचा पूल आम्ही क्षणात ओलांडला तीच ही मलप्रभा, हे सांगितल्यावर भावाचा विश्वास बसेना. त्याने नकाशा काढून नदी बोटाने शेवटपर्यंत तपासली आणि मगच मान्य केले.

गोकाकला ऊन कलते होता होता पोहोचलो. घटप्रभा नदी येथे सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. कडा घोड्याच्या नालासारखा वळलेला आहे, त्यामुळे पडणारे पाणी समोरून आणि बाजूंनीही दिसते. पावसाळ्यात ते गढूळ, तांबडे आणि अंगावर येणारे असते असे म्हणतात. आम्हाला मिळाले ते निवळलेले, चार-पाच धारांत विभागलेले पाणी, आणि त्यामुळे मागचा थराथरांचा खडक नीट पाहता आला. धबधब्याच्या वरच्या अंगाला दोनशे मीटर लांबीचा झुलता पूल आहे आणि काठाला एकोणिसाव्या शतकात सुरू झालेली सूतगिरणी. पाण्याच्या जोरावर यंत्रे चालवावीत म्हणूनच ती या आडवळणी जागी उभारली गेली. त्या दिवशी पुलावर कोणाला सोडत नव्हते, तेव्हा भाऊ रुसला. काठावरच्या महालिंगेश्वराच्या जुन्या देवळातून खालची दरी दिसते, तेथे त्याला नेल्यावर तो जरा सावरला. कड्याच्या अगदी टोकावर जाऊन छायाचित्रे काढणारी पोरे पाहून आईने डोळे मिटून घेतले. कठडा नाही, खडक शेवाळलेला आहे, आणि तरीही दर मिनिटाला कोणीतरी नवा तेथे उभा राहत होता. हे पाहण्यासारखे नाही, आणि मी पाहत होते.

गावात करदंट घेतला. तळलेला डिंक, सुके खोबरे, काजू, बदाम गुळाच्या पाकात घट्ट बसविलेली ही वडी दातांची परीक्षा पाहते. आजीला ती चावेना, तरी चार डबे तिनेच बांधून घ्यायला लावले: एक स्तवनिधीच्या वाटेवरच्या तिच्या मैत्रिणीला, एक शेजारी, एक दवाखान्यातल्या डॉक्टरांना आणि एक घरी.

घटप्रभा गाव, हुक्केरी, संकेश्वर अशी परतीची वाट धरली. उसाच्या गाड्या रस्त्यावर यायला लागल्या होत्या, त्यामुळे हुक्केरीचे घुमट अंधारात केवळ आकार म्हणून दिसले आणि हिडकल धरणाचा बेत बाबांनी मोडीत काढला. मांडीवर खानापूरचा माठ, पायाशी करदंटाचे डबे. आजी पुढच्या खेपेला येडूरच्या वीरभद्राला जायचे म्हणत होती आणि गाडीवाले अण्णा तिला कृष्णेला पाणी कमी झाल्यावर या, असे समजावीत होते.